कालचा पेपर

जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा वास आला की बदनापूरची थंडी आठवते. नोकरीचा पहिला हिवाळा होता, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. सकाळची रेल्वे गाठायला मी पातळ स्वेटर घालून सहा किलोमीटर सायकल चालवत स्टेशनवर जाई. छातीत वारा भरून खोकला जडला, तेव्हा नोकरी सोडून घरी परतायचं मी ठरवलं. त्या सकाळी स्टेशनवरचा पेपरवाला म्हणाला, “सर, स्वेटरच्या आतून पेपर घालत जा, हवा बिलकुल लागत न्हाई. पण कालचा घ्या, आजचा मला इकायचाय!” त्यानंच घडी माझ्या छातीवर बसवून गळ्यापर्यंत बटणं लावली. मी नोकरी सोडली नाही. आता सायकलवर निघताना अंगात जाड जॅकेट असतं. त्याची चेन माझी मीच ओढतो.