तिसऱ्या थरातली सात भोकं

आमच्या खरवई गावाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगरावर गड. दरवाजालगतची तटबंदी नीट बघितली की कळतं, ती एका हाताची नाही. तळाला मोठमोठे चिरे, नुसते एकावर एक बसवलेले. त्यावर चुन्यात बांधलेले लहान दगड. तो भाग कधीतरी पडला असणार आणि मागाहून कोणीतरी पुन्हा उभारला असणार. आणि दरवाजाच्या उजव्या हाताला पंधरा-वीस पावलांचा एक राखाडी तुकडा, सिमेंटचा. तो माझ्या बापाने बांधला.

बाप गवंडी. तरुणपणी त्याने विठ्ठलवाडीला, अंबरनाथला कितीतरी चाळी उभ्या केल्या. त्यातली एक आज शिल्लक नाही, सगळीकडे टॉवर झाले. उरला तो गडावरचा तुकडा. त्या काळी तट ढासळून गडावरच्या देवीच्या वाटेवर आला होता, म्हणून गावाने सिमेंटच्या गोण्या डोक्यावरून वर नेल्या आणि बापाने फुकट काम केलं. दसऱ्याला बाकीचे गवंडी थापी-ओळंबा घरी पुजतात. आमचा बाप हत्यारं घेऊन गडावर जायचा आणि त्या भिंतीच्या पायाशी ठेवून पुजायचा. गुडघे गेले तसं ते बंद झालं. पण खाटेवर पडल्या पडल्या विचारायचा, "भिंत कशी हाय?" मी म्हणायची, "तुझ्यासारखीच, हट्टी." तेवढ्यावर गडी खूश.

मी दर रविवारी गडावर श्रमदानाला जाते. गेल्या पावसाळ्यात त्या तुकड्याला पोट आलं, दोन दगड सुटले. मंडळींनी रीतसर परवानगी काढली आणि चुन्याच्या कामातला एक जुना मिस्त्री घाटावरून आणला. त्याने भिंतीवर हात फिरवला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "जुन्या लोकांनी तळाच्या तिसऱ्या थरात पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. इथं एकही दिसत नाही, कोणा गाढवाने सिमेंटने बुजवलीत. पाणी आत कोंडलं. आता हा तुकडा उतरवायला लागणार."

मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. उल्हासनगरला मी ज्या दुकानात काम करते, तिथला शेठसुद्धा माझ्याशी जपून बोलतो. भिंत कोणी बांधली ते तिथल्या बाहेरगावच्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण ते सगळे हसले, तशी मीही हसले. बापाला गाढव म्हटलेलं ऐकून हसले. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी येऊन तीन दिवस मी बापाला यातलं काही सांगितलं नाही. न सांगता उतरवू, तो काय वर बघायला येणार आहे, असंही मनात आलं. त्याच्या आयुष्यभराच्या कामातलं एवढंच उरलेलं, तेही गेलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? चौथ्या दिवशी जेवताना त्याने नेहमीचंच विचारलं आणि मला खोटं बोलवेना. मिस्त्री जे बोलला ते सगळं सांगून टाकलं, गाढवासकट.

त्याने अर्ध्या ताटावरून उठून हात धुतला. खाटेवर टेकत म्हणाला, "सात होती. वाटलं, आत साप बसतील. आन काम अर्धवट दिसंल. दगडांमधल्या दरजा भरत गेलो तशी तीपन भरली." मग म्हणाला, "मना वर ने."

"आणि गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे हायत, तुझे नाय."

रविवारी उजाडताच निघालो. तासाभराच्या वाटेला आम्हाला चार तास लागले. शेवटचा चढ तो बसून, हातांवर रेटत चढला. मला हात लावू दिला नाही.

वर पोचल्यावर तो भिंतीपाशी फतकल मारून बसला, छिन्नी-हातोडी मागून घेतली आणि बोटांनी थर मोजले. पहिलं भोक फोडलं तसं आतून काळं पाणी आलं आणि त्याच्या पायांवरून वाहिलं. त्याने पाय हलवले नाहीत. सातही भोकं त्यानेच फोडली. दुसऱ्या कोणाला ती सापडलीही नसती, इतकं सफाईदार काम होतं ते.

सातव्या भोकाशी तो रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मिस्त्रीला सगळं उमगलं होतं. तो खजील होऊन शेजारी बसला. "काका, कशाला आलात? कोणी केलं ते आम्ही कोणाला सांगणार नाही."

"सांगा," बाप म्हणाला. "ही भिंत परत कधीतरी पडंल, परत कोन तरी बांधाया येल. त्याला सांगा, चांगला गवंडी होता तरी चुकला. नाव घेऊन सांगा."

मिस्त्रीने कामाची वही उघडली आणि नाव विचारलं. बाप अजून डोळे पुसत होता. त्या दिवशी माझ्यासोबत हसलेले सगळे तिथेच उभे होते. मी बापाचं पूर्ण नाव सांगितलं, आणि म्हणाले, "हा माझा बाप आहे."