लेथवर झाडलेल्या गोळ्या
हॅलोविनच्या फटाक्यांचा जळका वास खिडकीतून आला, की मला अजून तो नालायक मॅनेजर आठवतो. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या आमच्या कारखान्यातलं जुनं लेथ मशीन मोडीत निघालं, तेव्हा ते शिकणाऱ्या मुलांसाठी कॉलेजला देऊ या असं मी सुचवलं होतं, आणि "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान, छान, म्हणत त्याने मान डोलावली होती. पुढे त्याने आम्हा कामगारांना आपल्या शेतावर बार्बेक्यूला बोलावलं, तर तिथे चिखलात तेच लेथ उभं! कुठली गोळी किती आत घुसते ते बघायचं होतं म्हणे साहेबांना. ससे मारायच्या बंदुकीची गोळी बिडाच्या अंगावर चपटी झाली, नुसता शिशाचा डाग उमटला. मग हरणं मारायची रायफल आली. तिने कूलंटची, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याची, पत्र्याची टाकी आरपार फोडली आणि माझ्या हातांना वर्षानुवर्षं येणारा तो तेलकट वास गवतावर सांडला. लोक टाळ्या पिटत होते. "अरे, लाज कशी वाटत नाही तुला?" मी ओरडलो. "लोखंडच आहे ते. बर्गर खा," तो म्हणाला, आणि त्याने लेथच्या बेडवर, खालच्या जाड बिडाच्या पाटावर, नेम धरला. बिडाला खळगा पडला, पण गोळी काही आत गेली नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी बर्गरला शिवलो नाही; जॉब पकडायचा चक तेवढा खोलून गाडीत टाकला. आजही खंडेनवमीला मी त्या चकला हळदकुंकू वाहतो, हात जोडून डोळे मिटतो, आणि देवाच्या नावाआधी तोंडात त्या माणसाला शिवी येते.