काकांनी शोधलेली बिळं

नाना काका गेल्याचं सलीमभाईंनी फोनवर कळवलं, तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. सलीमभाई दापोलीचे, सौदीत अबकैकच्या कॅम्पमध्ये काकांच्याच खोलीत राहणारे. दुपारचं जेवण झालं, काका हात धुवायला उठले आणि तिथेच खाली बसले... हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. कागदपत्रं होऊन काकांना घरी आणायला पंधरा-सोळा दिवस गेले. त्या दिवसांत सगळे रडत होते आणि मला एक गोष्ट कुणालाच सांगता येत नव्हती.

काका पाइपलाइनसाठी चर खणणारं एक्स्कॅव्हेटर मशीन चालवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी बोलेन ते काकांना छापल्यासारखं खरं वाटायचं. प्राणिशास्त्राच्या सेमिनारला मला मोल व्होल हा विषय मिळाला. उंदराच्या कुळातला, बारीक डोळ्यांचा, जन्मभर जमिनीखाली राहणारा प्राणी. तो पुढच्या दातांनी माती उकरतो. दात ओठांच्या बाहेर असतात, म्हणून खणतानाही तोंड मिटलेलं राहतं. फोनवर हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आमच्या बकेटचेच दात की. आणि तोंड बंद ठेवून काम करतो? आमच्या फोरमनला फार आवडेल गं, बाय."

पुस्तकातला नकाशा बोटभर होता. इराणवरचा रंगवलेला पट्टा मला आखाताच्या सौदीकडच्या बाजूला वाटला, आणि नीट न वाचताच मी सांगून टाकलं, "काका, तुमच्याच बाजूला आहे तो." तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, काका कॅम्पबाहेर बिळं शोधत चालू लागले. बिळाशेजारी मापासाठी आपला हातमोजा ठेवून फोटो पाठवायचे. खाली लिहायचे, 'माती ताजी आहे. आत कोणीतरी आहे.'

सेमिनारच्या आधी मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. हा इराणचा डोंगराळ भाग, पुढे तुर्कस्तान, मध्य आशिया. अरबस्तानात मोल व्होल नाहीच. त्याच संध्याकाळी मी काकांना सांगायला हवं होतं. पण त्यांनी सगळ्या कॅम्पला सांगून ठेवलं होतं, पुतणी संशोधन करते म्हणून. मला लाज वाटली. पुढचे चार महिने मी प्रत्येक फोटोला 'छान' एवढंच लिहीत राहिले, आणि काका उन्हात चालत राहिले. त्या चालण्याचा आणि त्यांच्या जाण्याचा काही संबंध नसेलही... पण हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि मीही कुठल्या डॉक्टरला विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात सलीमभाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "बेटा, नाना चर खणायच्या आधी मशीनवरून उतरायचे. खणायची सगळी लाइन चालून यायचे. ताजं बीळ दिसलं की बकेट बाजूला घ्यायचे. आता त्यांच्या मशीनवर मी आहे. मीपण उतरतो. तो प्राणी इथे असतो ना नक्की?"

मी म्हटलं, "नाही, सलीमभाई. तो आखातापलीकडे, पार इराणच्या डोंगरात असतो. माझी चूक झाली. काकांना मी कधी सांगितलंच नाही."

"मग ही बिळं कोणाची?"

"साध्या वाळवंटी उंदरांची असतील."

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. "असू देत," ते म्हणाले. "उंदराच्याही बिळात पिल्लं असतात," आणि फोन चालू ठेवूनच ते खाली उतरले. त्यांच्या बुटांखालची खडी मला ऐकू येत होती... ते लाइन चालत होते.