प्रस्थान ठेवल्यानंतर

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी डेन्मार्कला जाणार होतो.

मी सेलूच्या शाळेत शिक्षक होतो. गाव दोन कोसांवर, त्यामुळे रोज सायकलवर येत-जात असे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हैदराबादेला राहून बी.ए. झालो ते आमच्या हेडमास्तरांमुळे, आणि डेन्मार्कचंही त्यांनीच जमवलं. तिकडे खेड्यातल्या मोठ्या माणसांसाठी हिवाळ्यात चालणाऱ्या शाळा असतात. विद्यार्थी तिथेच राहतात, शेतीतलं शिकतात, गाणी म्हणतात, चर्चा करतात. अशा एका शाळेने भारतातला खेड्यातला एक शिक्षक हिवाळाभर ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. राहणं-जेवण त्यांचं, बोटीचं तिकीट मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेचं. बोट इटलीतल्या जिनोआ बंदरापर्यंत जाणार होती. तिथून कोपनहेगनपर्यंत आगगाडीने जायचं होतं आणि तो प्रवास माझा मलाच आखायचा होता.

हेडमास्तरांनी मुंबईच्या एका स्नेह्याकडून युरोपातल्या गाड्यांचं जाड वेळापत्रक मागवून दिलं. त्या पावसाळ्यात मी दुसरं काही वाचलं नाही. शाळेच्या नकाशावरून मोठ्या कागदावर रेषा उतरवून घेतल्या. जिनोआहून मिलान, मग डोंगरांतल्या बोगद्यांतून स्वित्झर्लंड, बाझल, मग सगळी जर्मनी उभी ओलांडून हॅम्बुर्ग, आणि पुढे समुद्र. एक देश संपून दुसरा लागला की काय होतं, हे पुस्तकातून कळत नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते चांगलं ठाऊक होतं. निजामाच्या राज्यात मनमाडकडे जाताना हद्दीवर करोडगिरीचे शिपाई डब्यात चढत, जकातीच्या मालासाठी गाठोडी सोडायला लावत. पलीकडे आमचा निजामी हाली रुपया चालत नसे, इंग्रजांचा कलदार लागे.

आबा म्हणाले, "चार राज्यं म्हंजी चारदा गठुडं सोडावं लागंल. लय आवळून बांधू नको. नुसती सुरगाठ मार."

मीही त्याच अनुभवावर प्रवास आखला होता. मनमाडला आमची लहान गाडी संपते आणि बोजा डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीकडे पळावं लागतं, म्हणून मी प्रत्येक सरहद्दीवर उतरायचं धरलं होतं, आणि गाडी चुकली तर स्टेशनावर मुक्काम. असे तीन मुक्काम मी कागदावर मांडले होते. मग एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सापडलं, की बाझलहून निघालेला एक डबा जर्मनीतून सरळ कोपनहेगनला जातो, माणसाने जागचं उठायचीही गरज नाही. जर्मनीच्या टोकाला रूळ संपले की डबे जहाजात चढवतात आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पुन्हा रुळांवर घेतात. मी हे घरी वाचून दाखवलं. मायने विचारलं, "माणसं बसलेली आसतानाच?"

मी हो म्हणालो.

"आन् विंजनातला इस्तू? जाहाज पेटायचं की."

इंजिन काठावरच ठेवतात, असं मी माझ्या अंदाजाने सांगितलं. "मंग ठीक," असं म्हणून ती पुन्हा भाकरी थापायला लागली. त्या घटकेला मला वाटलं, तिने मला मनातून जाऊ दिलं.

अडचण दिवसाची होती. बोट दसऱ्यानंतर सुटणार होती. जोशीबुवांना तो दिवस पसंत पडला नाही, आणि त्याआधीचा पितृपक्ष तर प्रवासाला वर्ज्यच. तेव्हा त्यांनी प्रस्थान ठेवायला सांगितलं. चांगल्या दिवशी प्रवासाचं गाठोडं बांधायचं, तांदूळ-सुपारी घालून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग माणूस सवडीने निघाला तरी दोष नाही. बहुतेक घरांत गाठोडं तेवढं बाहेर जातं. आमच्या घरात माणूसही जातो, आणि प्रवास करून आल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. याला कारण होतं. माझे थोरले चुलते काशीला निघाले तेव्हा प्रस्थान ठेवून एका रात्रीपुरते घरी परतले, आणि पुढे वाटेत पटकीने गेले. माय तेव्हा नवी नवरी होती. त्या रात्री त्यांना ताट तिनेच वाढलं होतं.

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मायने माझ्या शिक्षणापायी जे सोसलं, त्यापुढे एवढं ऐकणं जड वाटलं नाही. पासपोर्ट आज-उद्या येईल अशी खात्रीही होती. गणपती गेले त्याच दिवशी मी सेलूला राहायला गेलो. तिथल्या एका जिनिंगच्या आवारात मुनीमजींची खोली होती. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो, तोवर ती रिकामीच असे. मालकांनी ती मला आनंदाने दिली. गाठोडं मी खुंटीला टांगलं.

पासपोर्टाचा अर्ज मी हैदराबादेत दिला होता. दरम्यान आमचा जिल्हा दुसऱ्या राज्यात गेल्यामुळे तो अर्ज मुंबईला जायला हवा होता. हैदराबाद म्हणे पाठवला, मुंबई म्हणे आला नाही, आणि शेवटी मुंबई म्हणे आला, पण परभणीच्या पोलिसांची चौकशी व्हायची आहे. शाळेत माझ्या जागी दुसरा शिक्षक आला होता, तोही सज्जन. पण वर्गात जायचं मला कारण उरलं नव्हतं. मी जिनिंगच्या आवारात फेऱ्या मारी. गेल्या सालच्या सरकीचा वास अजून भिंतींना होता. बाजाराच्या दिवशी आबा यायचे, मायने दिलेल्या दशम्या आणि चटणी ठेवायचे आणि घरची हकीकत सांगायचे. दुभती गाय आटली, मूग निघाले, ज्वारीची पेरणी अडली. दोन कोसांवरचं घर आणि मी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो.

एकदा त्यांना मी नवीन आखणी दाखवली. मिलानला किती वेळ मिळतो, बाझलला स्विस लोकांचं स्टेशन वेगळं आणि जर्मनांचं वेगळं, आपला डबा दोन्हीकडून जातो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तिकडचं समदं ठरलंय. हितलंच अडलंय."

दसरा झाला. खोली हवी असल्याचं मुनीमजींनी फार संकोचाने सुचवलं. कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. हेडमास्तर म्हणाले, चौकशीचा कागद मुंबईला पोचला तर त्यांचे स्नेही बोटीच्या आदल्या दिवशीही पासपोर्ट हातात मिळवून देतील. म्हणून मी स्वतः परभणीला गेलो. पोलिसांच्या कचेरीतल्या कारकुनाने माझं नाव विचारलं, फाइल काढली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर गेलात," तो म्हणाला.

मला समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं. जमादार गावात जाऊन आले होते. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, तो परदेशी गेल्याचं घरच्यांनी सांगितलं, असा त्यांचा अहवाल होता. पासपोर्टाशिवाय माणूस परदेशी कसा गेला, याची उलट चौकशी करावी काय, असं साहेबांनी बाजूला लिहिलं होतं. कारकून भला होता. हसला नाही. फेरचौकशी मागवतो म्हणाला, पण जमादार येतील तेव्हा घरी सापडा, एवढं मात्र बजावलं.

सेलूला उतरलो तो तसाच सायकल काढून गावाकडे निघालो. घराशी पोचलो तेव्हा माय दारातच होती. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो आणि विचारलं, कुणी पोलीस आला होता का.

"आला व्हता की. पितरांच्या पंधरवड्यात. चांगला मानूस व्हता, पानी पिऊन गेला."

"त्याला काय सांगितलंस?"

"तू कुठं ऱ्हातूस म्हनला. म्या म्हनलं, गेला विलायतेला."

"माय, मी सेलूत होतो."

"मला ठावं न्हाई का? पस्तान ठेवल्यालं मानूस हितंच हाय म्हनायचं आसतंय का? तसं म्हनलं की झालं मागारी वळवल्यासारखं."

तिने माझ्यासाठीच केलं होतं. माझ्या प्रवासाला धक्का लागू नये म्हणून तिने तोंडातून तेवढा एक शब्द जाऊ दिला नव्हता. तिच्यावर रागवायला मला जागा सापडेना. मी कचेरीतली हकीकत सांगितली, आता मी घरात दिसलो पाहिजे म्हणालो. हे सगळं ती समजली. समजून तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"आत आलास तर मी तुला जाऊ देनार न्हाई. येकदा वाढलंय म्या तसल्या मानसाला. पुना वाढनार न्हाई."

बाहेर राहिलो तर पासपोर्ट येणार नव्हता. आत गेलो तर माय सोडणार नव्हती. हॅम्बुर्गच्या पुढे समुद्र कसा ओलांडायचा ते मला तोंडपाठ होतं, आणि त्या दारात मला कुठेच जाता येत नव्हतं.

मार्ग आबांनी काढला. ते बैलांना पाणी दाखवत होते, तिथूनच म्हणाले, "गोठा बी ह्याच घराचा हाय. पोलिसाला उंबऱ्याचं काय पडलंय? गोठ्यात बस."

मायने थोडा विचार केला आणि चौकटीवरचे हात काढले.

मी खोली सोडली आणि गोठ्यात राहायला आलो. गोठा अंगणाच्या पलीकडच्या बाजूला होता. कडब्याच्या पेंढ्यांवर घोंगडी टाकली, गाठोडं मेढीच्या खांबाला टांगलं. माय अंगणात येऊन ताट ठेवायची, मी जेवलो की उचलून न्यायची. घरात दिवा लागलेला, धाकटी भावंडं आतबाहेर करणारी, सगळं समोर दिसे. गावातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. शेजारचे एक काका रोज विचारत, "काय मास्तर, जाहाज कधी लागायलंय गोठ्याला?" मीही हसून काहीतरी बोलत असे. ती चेष्टा कडू नव्हती, पण रोजची होती.

दिवसा मी वेळापत्रक काढून बसे. तिथेच एकदा लक्षात आलं, की मुखपृष्ठावर 'उन्हाळा' असं छापलंय. मला वाटत आलं होतं, की पुस्तक उन्हाळ्यात छापलं असेल. आतली प्रस्तावना नीट वाचली तेव्हा कळलं, की तिकडे उन्हाळ्याच्या गाड्या वेगळ्या, हिवाळ्याच्या वेगळ्या, आणि मी पाठ केलेल्या गाड्यांचा हंगाम केव्हाच संपला होता. बाझलचा तो डबा हिवाळ्यात असतो की नाही, हे सांगणारं पुस्तक माझ्याजवळ नव्हतं. मी पुन्हा सरहद्दीवर उतरायचे मुक्काम मांडायला घेतले. वाटेकडे मान वर करून पाहावं तर रिकामी वाट दिसे. जमादारांना, नंतर कळलं, दुसऱ्या तालुक्यात बंदोबस्त लागला होता.

पुढचं आताच सांगून टाकतो. जमादार दिवाळीनंतर आले, मला पाहून गेले, आणि थंडी सरताना पासपोर्ट आला. तोवर त्या शाळेने माझी जागा दुसऱ्या देशातल्या एका शिक्षकाला दिली होती. तसं त्यांनी इतक्या सौजन्याने कळवलं की मीच त्यांची क्षमा मागितली. बोटीच्या तिकिटाची सोय पुन्हा झाली नाही. मी सेलूच्या शाळेतच निवृत्त झालो. हेडमास्तरांनी त्याबद्दल मला कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे त्यांचे उपकार मी सर्वांत मोठे मानतो.

पण मला सांगायची आहे ती बोट हातची गेली त्या दिवसाची संध्याकाळ. बोट गाठायची तर मनमाडकडे जाणारी जी शेवटची गाडी धरायला हवी होती, ती सेलूहून निघाल्याची शिट्टी वारा तिकडचा असला की आमच्याकडे ऐकू येई. त्या दिवशी आली. आबा वैरण टाकत होते. त्यांचे हात क्षणभर थांबले. माय अंगणातली वाळवणं गोळा करत होती, तिनेही ऐकलं. मी घोंगडी झाडली, गाठोडं मेढीवरून काढून काखेत धरलं आणि अंगण ओलांडून दाराकडे गेलो. मायने अडवलं तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

ती माझ्यापुढे घरात शिरली आणि आतून म्हणाली, "थांब."

मी उंबऱ्याशी थांबलो. ती तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा माझ्यावरून ओवाळला, मोडून अंगणात दोन बाजूंना टाकला, आणि ओल्या बोटांनी माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. लांबच्या गावाहून आलेल्या माणसाला आमच्याकडे असंच आत घेतात.

"लय दिवस लावलेस," ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि आत गेलो.