गवतातून काढलेली वाट

परवा लाखनीत घरामागच्या शेतात कोणीतरी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, वाळलेलं गवत पेटवलं. त्या धुराच्या वासाबरोबर मी दक्षिण सुदानातल्या एका दुपारी जाऊन पोहोचलो.

तिथे मी बोअरवेलच्या कंपनीत मेकॅनिक होतो. ट्रक चालवायला आपल्या सानगडीचा महादेव होता. मुलखात लढाई सुरू होती. रस्ता म्हणजे लाल मातीतली चाकोरी, आणि दोन्हीकडे जळून काळं पडलेलं गवत. अचानक बंदूक घेतलेला एक माणूस आडवा आला. त्याची भाषा आम्हाला कळेना. दार उघडून तो माझ्या शेजारी बसला आणि रस्ता सोडून उजवीकडे वळायच्या खुणा करू लागला.

"भाऊ, हा आपल्याले कुठं नेऊन राहिला गा?" महादेव पुटपुटला.

"चूप राह्य. वळव."

ट्रक गवतातून हिंदकळत होता. बंदुकीची नळी माझ्या गुडघ्याला घासत होती. मला गावी राहिलेल्या माझ्या मुलीचा चेहराही धड आठवेना. त्या माणसाचा चेहराही घामाने भिजला होता, हे मला आता आठवतं. तेव्हा फक्त बंदूक दिसत होती.

बऱ्याच वेळाने ट्रक पुन्हा रस्त्याला लागला. तो माणूस उतरला. मागे सोडलेल्या रस्त्याकडे बोट दाखवून त्याने काहीतरी पुरल्याची खूण केली आणि दोन्ही हात वर उडवले. त्या रस्त्यात सुरुंग होते.

महादेवने पाण्याची बाटली पुढे केली. तो माणूस घटाघट प्याला आणि मागून येणाऱ्या गाड्या अडवायला उन्हात परत चालत निघाला.