रिव्हर्स हॉर्नची बंदूक

त्या मालिकेतल्या बंदुकीने कोणी मरत नसे. अंतराळयानावरचा पहारेकरी ती रोखायचा, पांढरा उजेड पडायचा, खालून वर चढत जाणारा एक सूर वाजायचा आणि समोरचा माणूस होता तिथे थिजायचा. मग यानातले लोक त्याच्या बाजूने निघून जायचे. नगरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात रविवारी आम्हाला ती मालिका बघू द्यायचे. इतर मुलींना त्यातला कप्तान आवडायचा. मला ते बाजूने निघून जाणं आवडायचं.

इंजिनिअरिंग संपल्यावर मी गावी परतले, नोकरी मिळेपर्यंत म्हणून. आमचं गाव कर्जतहून एसटीने अर्ध्या तासावर. सकाळी मोबाईलवरून अर्ज पाठवायचे, दुपारनंतर काही उरायचं नाही. घरात कोणी आलं की मी आतल्या खोलीत जायचे. लोक आईला विचारायचे, "पोरगी आजारी हाय का?" आई म्हणायची, "अभ्यास करते." पदवी मिळून गेली होती तरी ती हेच सांगायची.

अशाच एका दुपारी शेतावरच्या खोलीत ठिबकच्या फिल्टरचं जुनं काळं कवच सापडलं. त्यावर एकाला लागून एक गोल कड्या होत्या, थेट त्या बंदुकीच्या नळीसारख्या. मागे फवारणीच्या पंपाची मूठ बसवली, तिला दाबायची कळ आधीच होती. पुढे मोटारसायकलचा फॉग लाइट लावला. सूर काढायला एक छोटं सर्किट मी स्वतः जुळवलं, मोबाईलवर मालिकेचा तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून. शेवटी शेवटी तो सूर जरासा फाटतो. तेही जमलं. बॅटरी पंपाचीच होती, जड. ती पट्ट्याने कमरेला बांधावी लागे. वरून चंदेरी रंग मारला, तो वाळू दिला आणि दार लावून कळ दाबली. भिंत पांढरी झाली, सूर चढत गेला. कोणाला दाखवायचा विचारही माझ्या मनात नव्हता.

दारावर थाप पडली. "आत कोन हाय? टीव्ही आनलाय का काय?"

काकू होती, माझी चुलती. तिची वस्ती आमच्या शेताला लागूनच. काका गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची, दोन गाई आणि एक कालवड घेऊन. ती विळा मागायला आली होती आणि आता दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती.

"ही प्रतिकृती आहे," मी म्हटलं.

"ही बघा, बातम्या सांगत्या," काकू म्हणाली. माझ्या मराठीला ती नेहमी असंच हसायची. "चालती का?"

"उजेड पडतो, आवाज होतो. बाकी काही होत नाही."

"बाकी काय हुयाला पायजे?"

त्या दिवसांत गावात बिबट्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या भागात हरणं. बिबट्या हा तिकडे जुन्नर-संगमनेरकडचा प्राणी, असं आम्ही धरून चाललो होतो. पण कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात तोही आला. थंडीत तोड सुरू झाली. पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांनी ओढ्याकाठी राहायला पाचटाच्या कोप्या घातल्या. एकेक फड मोकळा होत गेला तसा तो कधी या बांधावर, कधी त्या विहिरीपाशी लोकांना दिसू लागला. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, की दिसला तर वाकायचं नाही, पाठ दाखवून पळायचं नाही.

काकूचा मुलगा, आमचा दादा, पुण्यात नोकरीला. तो रोज फोन करायचा. फोन स्पीकरवर असायचा, कारण काकूचे हात शेणात नाहीतर चाऱ्यात असायचे.

"आई, गाई विकून टाक आणि इकडं ये. एक दिवस पेपरात फोटो येईल तुझा."

"यिऊ दे. तसा माझा एकबी फोटो बरा न्हाई."

"मस्करी करू नको. ज्या दिवशी तो तुला दिसेल त्या दिवशी मी टेम्पो घेऊन येणार. कबूल केलंयस तू."

"केलंय. पन मला दिसलाय कुठं?"

हे खरं होतं. सगळ्यांना दिसला होता, काकूला नव्हता. पुण्यात चौथ्या मजल्यावर दादाचं घर होतं. काकू एकदा तिथे आठ दिवस राहून आली आणि घरी आल्यावर कितीतरी वेळ गोठ्यात नुसती उभी होती. ती त्या घराबद्दल वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "लई स्वच्छ हाय."

चारा कापायला मात्र तिला रोज दिवस कलताना घासगवताच्या वाफ्यापर्यंत जावं लागे, आणि वाफ्याला लागून ऊस होता. म्हणून तिने माझ्याकडे ती बंदूक मागितली.

मी तिला नीट समजावून सांगितलं. हे खेळणं आहे. याने प्राणी पळेलच असं नाही.

"मला ठावं हाय," काकू म्हणाली. "त्येला कुठं ठावं हाय?"

दोन दिवसांनी ती परत आली. उजेड चांगला आहे म्हणाली, आवाज मात्र मेल्यागत आहे. मी कर्जतला जाऊन टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न आणला. तो बसवायला माझं सर्किट काढावं लागलं. तो सूर कसा चढतो, कुठे फाटतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. कळ दाबली की आता टीं-टीं-टीं असा आवाज व्हायचा, अर्ध्या शिवारात ऐकू जाईल असा. पहिल्या दिवशी टेम्पो मागे येतोय समजून गाई बाजूला सरकल्या.

मग रोज संध्याकाळी काकू कमरेला बॅटरी, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात ती चंदेरी बंदूक घेऊन निघायची. ऊस तोडणाऱ्या बायका लांबून ओरडायच्या, "काकू, रिव्हर्स घेताय व्हय?"

"घेती की. मागून सरका," काकू म्हणायची.

एकदा घासाच्या कडेला काहीतरी खसखसलं आणि हॉर्न वाजल्यावर पळून गेलं. कुत्रं असेल किंवा डुक्कर. काकूने दादाला फोनवर सांगितलं, "माझ्याकडं बंदूक हाय आता." दादाने मला फोन लावला. तू शिकलेली आहेस, तिला असल्या गोष्टींवर सोडू नकोस, असं तो बरंच बोलला. मी "हो" म्हटलं. तो बरोबर होता. तरी मी बंदूक परत मागितली नाही. त्या दिवसांत काकू ताठ चालायची आणि मला ते बघायला आवडत होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेले, भारा उचलायला. ऊस अर्धा तुटला होता. उजेड अजून पुरता गेला नव्हता. काकूने घास कापला, मी बांधला. डोकं वर केलं तर उरलेल्या उसाच्या कडेला बांधावर कुत्रं बसलंय असं वाटलं. मग शेपटी दिसली.

"काकू," मी म्हटलं.

तिने बघितलं. विळा खाली ठेवला, आवाज न करता. बंदूक दोन्ही हातांत धरली आणि कळ दाबली.

सगळं काम चोख झालं. उजेड थेट त्याच्यावर पडला. डोळे हिरवट चमकले, अंगावरचा एकेक ठिपका दिसला. हॉर्न वाजू लागला. त्याने कान मागे घेतले, डोळे बारीक केले आणि बसून राहिला. पाहुणे काही सांगत असताना घरातलं म्हातारं माणूस ऐकून घेतं, तसा. टीं-टीं-टीं चालूच होतं. त्याने एकदा पंजा चाटला.

आम्ही तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकू लागलो. सरीत माझा पाय मुडपला, काकूने कोपराने मला सावरलं. तो आमच्या मागे आला नाही. उठलाही नाही. गोठ्याच्या पत्र्यापाशी पोहोचलो तेव्हा तो दिसेनासा झाला होता, पण हॉर्न वाजतच होता. काकूचं बोट कळीवरून निघत नव्हतं. शेवटी मी तिच्या कमरेच्या बॅटरीची वायर उपसली.

एकदम शांत झालं. गाई आमच्याकडे बघत होत्या. चारा तिकडेच राहिला होता.

काकू उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"मी दादाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "आपल्या दोघींशिवाय कोणी बघितलं नाही."

"ठावं हाय. तू कुनाला काय सांगत्यास?" ती म्हणाली, पण चिडवल्यासारखं नाही. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "भ्याला असता तर ऱ्हायले असते मी."

सकाळी धारा काढून झाल्यावर तिने स्वतःच फोन लावला. दादाने उचलल्यावर ती एवढंच म्हणाली, "दिसला. ये." दादा काही विचारत राहिला, तोवर तिने फोन माझ्याकडे दिला आणि गाईंना पाणी दाखवायला गेली.

गाई शेजारच्या गावात एका ओळखीच्या घरी गेल्या. कालवड टेम्पोत चढेना, तेव्हा काकू आधी स्वतः चढली, मग ती चढली. मग काकूला उतरता येईना, कारण मध्ये कालवड होती. लोक हसले. काकूही हसली. दादाने तिला हात धरून बाजूने उतरवून घेतलं.

आता ती पुण्याला आहे. मला अजून नोकरी नाही. दिवस मावळताना, धारेच्या वेळी, तिचा फोन येतो. आधी आईला यायचा. पण आई कामात असते आणि मी रिकामी.

"काय चाललंय?"

"काही नाही. तुझं?"

"काय न्हाई. बसलेय."

मी फोनवर बोलायला कधीच शिकले नाही, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही. मागे लिफ्टचा आवाज येतो, कोणाचा तरी टीव्ही चालू असतो. ती फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही. धार काढून व्हायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढा वेळ आम्ही तशाच राहतो. मग ती म्हणते, "बरं. झालं," आणि ठेवते.