किन्हीकर मॅडमचा हिरवा दगड

किन्हीकर मॅडम दगड चाटायच्या. ड्रॉवरमधून आठ हजार वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीचा तुकडा काढायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि सरळ जीभ लावायची. ओला झाला की दगडाचा खरा रंग दिसतो, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मात्र माझं पुणेरी मन "उष्टं, उष्टं" म्हणून किंचाळलं, कारण बाईंनी तोच तुकडा माझ्यापुढे धरला होता. "घे. काहून बघून राहिली अशी? इतक्या वर्षांत कोणाकोणाचे हात लागलेत याला. माझ्या जिभेनंच काय बाटणार आहे?"

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडीला आले तेव्हा मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या, पण इथे आयुष्य गेलेलं. आमचं पुरातत्त्वाचं डिपार्टमेंट त्यांना मँडी म्हणायचं. "मंदा एवढं दोन अक्षरी नाव यांच्या जिभेला पेलत नाही," त्या म्हणायच्या, "आणि आठ हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी कोणत्या देवाला भजत होता, ते मात्र हे छातीठोक सांगणार!" त्यांच्या तुच्छतेतून कुणी सुटत नसे. एखाद्या खेड्यात परका दगड सापडला की लगेच 'व्यापाराचं जाळं' असं लिहून मोकळं होणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग. "दगडाला काय पाय असतात? कोणी उचलला, कुठून उचलला, जवळचा सोडून लांबचा काहून उचलला, ते सांग. जाळं म्हणे! कोळी आहेत का सगळे?"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्या मला बळेच घेऊन जायच्या आणि तिथेही गप्प बसायच्या नाहीत. एकदा एका आयटीवाल्या काकांनी मला विचारलं, "दगडांत स्कोप काय गं?" मॅडम मोदक खात होत्या. "तुमच्या नव्या किचनला ग्रॅनाइट लावलाय ना?" त्यांनी काकांना विचारलं. "कुठला आहे?" काका म्हणाले, "शोरूममधून सिलेक्ट केला." "तसं नाही. कोणत्या देशातला? कोणत्या खाणीतला?" काकांना कुठलं माहीत असायला! "मग राहू द्या," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला स्कोप सांगून फायदा नाही." आणि दुसरा मोदक घेतला. मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यांचं नाव झालं होतं ते एका हिरव्या दगडामुळे. पूर्व युरोपात नदीकाठी पहिल्या शेतकऱ्यांचं एक खेडं सापडलं आहे. तिथल्या कुऱ्हाडी गुळगुळीत, हिरव्या दगडाच्या. हा दगड डोंगररांगांपलीकडून, कित्येक दिवसांची वाट तुडवून आणलेला आहे, असं मॅडमनी तरुणपणी मांडलं. नुसत्या नजरेवर आणि जिभेवर. पुढे सगळ्यांनी तेच उचललं. प्रत्येक पुस्तकातल्या नकाशात डोंगरापासून खेड्यापर्यंत एक लांबलचक बाण असायचा, तो मॅडमचा. माझा प्रबंधही त्याच बाणावर उभा होता. मला फक्त यंत्राने त्याची खातरजमा करायची होती.

दगडातली मूलद्रव्यं ओळखणारं ते यंत्र हातात मावतं. मॅडम त्याला हेअर ड्रायर म्हणायच्या. "लाव तुझा हेअर ड्रायर. मी सांगितलं तेच सांगेल, फक्त वीज जाळून सांगेल." मी उन्हाळ्यात त्या खेड्यात उत्खननाला गेले होते, तेव्हा डोंगरातले नमुने तर आणलेच होते, शिवाय खेड्याच्या मागेच एक झाडीने भरलेली टेकडी आहे, तिथलेही चार दगड पिशवीत टाकले होते. तुलनेला असावेत, एवढंच. यंत्राने काय सांगावं? कुऱ्हाडी डोंगराशी अजिबात जुळेनात. जुळल्या त्या टेकडीशी. सकाळी निघालं तर जेवायला घरी परत येता येईल, इतकी जवळची टेकडी!

महिनाभरावर मॅडमचा निरोप समारंभ होता, देशभरातून लोक येणार होते. डिपार्टमेंटमधल्या एका शहाण्याने मला बाजूला घेऊन सुचवलं, की घाई कशाला, बाई रिटायर झाल्या की छाप. म्हणजे बाईंनी हार घालून घ्यायचे आणि पाठ वळली की आम्ही त्यांचे वाभाडे काढायचे! मला त्या माणसाची शिसारी आली. मी तशीच उठून मॅडमकडे गेले आणि आकडे पुढे ठेवले.

"गाढव आहे तुझं यंत्र," त्या म्हणाल्या. पुन्हा मोजायला लावलं. दगड घासून, धुऊन पुन्हा. मग स्वतः टेकडीवरचा दगड उचलला, जीभ लावली, खिडकीशी नेला. पाठमोऱ्या उभ्या राहून तो उजेडात फिरवत राहिल्या. मला वाटलं, रडतात की काय.

"मी तिथे सहा उन्हाळे काढले," त्या वळून म्हणाल्या. "त्या टेकडीच्या सावलीत डबा खाल्ला. एकदा वर चढून पाहायचं नाही? काहून नाही चढले, सांगू? मी स्वतः इतक्या लांबून आले होते ना. त्या कुऱ्हाडीही लांबून आल्यात, हे मला फार आवडलं. आवडलं म्हणून खरं मानलं. बावळट!"

समारंभात त्यांनी हेच सांगितलं, इंग्रजीत, याहून कडक शब्दांत. लोकांना तो विनय वाटला. उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. मॅडम भडकल्या. "टाळ्या कसल्या? मी चुकले म्हणतेय, आणि तुम्ही सगळ्यांनी एवढी वर्षं न तपासता माझी चूक छापलीत. बसा खाली!" लोक एकेक करून खाली बसले. नंतर केक कापला, तो कुणाला धड गिळवेना. त्या मात्र व्यवस्थित खात होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलीकडे, ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी कायमच्या राहायला निघाल्या. मी सामान गाडीत ठेवायला गेले आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण हातात दिलं. गाडीच्या दारात उभ्या उभ्या त्यांनी वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"'पूर्वीच्या काही अभ्यासकांच्या मते', हे काय लिहून ठेवलंस? काही अभ्यासक म्हणजे कोण?"

"मॅडम, तुमचं नाव कसं..."

"अगं, तो दगड बरोबर होता तोवर किन्हीकरचा होता. आता चुकला तर काही अभ्यासकांचा झाला? माझ्या चुकीला बेवारस करून राहिली तू?"

इतक्या जणांना तुच्छ लेखणारी ही बाई स्वतःला एवढीशीही सूट देत नव्हती, आणि मी तिला ती चोरून द्यायला निघाले होते. पेन त्यांनीच पुढे केलं. गाडीच्या टपावर कागद ठेवून मी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं : किन्हीकर.

त्यांनी स्पेलिंगसुद्धा तपासलं. "आता पाठव कमिटीला," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.